बंपरचा गंज आणि स्वयंपाकघरातला फॉइल रोल: काय चालतं, काय नुसतं नाटक

निकाल आधीच सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढं वाचून कामाला लागावं. पोळ्या गुंडाळायचा चंदेरी फॉइल पेपर असतो बघा, तो आणि वाटीभर पाणी, बस. गाडीच्या क्रोमवर वरवर चढलेला गंज काढायला घरात याच्यापेक्षा भारी काही सापडलं नाही. बाकी लिंबू, चिंच, कोला, व्हिनेगर, टूथपेस्ट, राख, लोक जे जे सांगतात ते सगळं लावून बघितलंय. त्यातलं काही कामाचं आहे, काही निस्ता टाईमपास आहे आणि दोनतीन गोष्टी तर अशा की गंजापेक्षा जास्त वाट त्याच लावतील.

गाडी कोणती ते सांगायला पाहिजे कारण सगळा खेळ तिथंच आहे. आमच्या मामांची अ‍ॅम्बेसेडर, औसा तालुक्यात गावाकडं पत्र्याच्या शेडात उभी असते. चालू कंडिशन आहे, मामा अजून तिच्यातच लातूरला येतात आणि गंजगोलाईत, म्हणजे लातूरच्या मुख्य बाजारपेठेत, पार्किंगवरून रिक्षावाल्यांशी भांडतात. आता ह्या गाडीला पुढंमागं जाड लोखंडी बंपर, त्याच्यावर क्रोम, हेडलाईटच्या रिंगा क्रोमच्या, चाकाच्या वाट्या क्रोमच्या. कंपनीनं उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ ला बंद केला, त्यामुळं नवाकोरा ओरिजिनल बंपर मिळायचं नाव नाही, जे मिळतंय ते जुन्या बाजारातलं नाहीतर पातळ पत्र्याचं डुप्लिकेट. म्हणून जो आहे तोच जपायचा, दुसरा इलाज नाही.

तुमची गाडी नवी असेल तर एक काम करा, आधी फ्रिजवरचं चुंबक काढा आणि गाडीच्या क्रोमला लावून बघा. आजकालच्या गाड्यांची ग्रील, दाराचे हँडल, मागचं कंपनीचं नाव हे बहुतेक सगळं प्लास्टिक असतं, प्लास्टिकवर क्रोम चढवलेलं. चुंबक चिकटत नसेल तर तिथं बहुतेक वेळा आतून गंज चढत नाही, कारण आत साधं लोखंड नसतं. तिथं जे तांबूस डाग दिसतात ते बहुतेक वेळा बाहेरून आलेले असतात, ब्रेकची लोखंडी भुकटी उडून बसते, नाहीतर शेजारच्या स्क्रूचा गंज ओघळून येतो. ते शाम्पूच्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं निघतात, फॉइल घेऊन घासत बसायची गरज नाही, प्लास्टिकवरची चमक उगं मारून टाकाल. हे सगळं लिहिलंय ते चुंबक चिकटतं त्या लोकांसाठी. म्हणजे अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, जुनी जीप, बुलेट, राजदूत, आणि ज्यांच्या स्प्लेंडरचं हँडल पावसात भिजून ठिपके पडलेत ते.

लोक म्हणतात मराठवाड्यात एवढं कोरडं, प्यायला पाणी नाही, गंज कुठून येतोय. खरंय, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा गाडी धुणं म्हणजे गुन्हाच होता. पण गंजाला टँकर लागत नाही भाऊ, ओल पुरते. मामांच्या शेडात गाडीच्या शेजारीच खताच्या पोत्यांची थप्पी असते, युरिया, डीएपी आणि पोटॅश. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचंच भावकीतलं, आणि क्लोराइड हे क्रोमचं जन्माचं वैरी. पावसाळ्यात पोती ओल धरतात, खताची भुकटी बंपरवर बसते, रात्रीच्या दमट हवेत ती विरघळते आणि क्रोमला बारीक बारीक भोकं पाडते. मी मामांना म्हणलं, मामा, आधी ही थप्पी हलवा. तर म्हणायलेत, अरे बाबू, खत भिजलं तर पीक जातं, बंपर गंजला तर काय जातंय. आता ह्याच्यावर काय बोलणार.

दुसरं म्हणजे बोअरचं पाणी. आमच्याकडचं पाणी इतकं क्षाराचं की बादली वाळली की तळाला पांढरं बसतं. त्या पाण्यानं गाडी धुऊन तशीच उन्हात वाळत ठेवली की क्रोमवर पांढरे गोल डाग, आणि त्या क्षाराच्या खाली ओल धरून ठेवली जाते. काही जण आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरतात, पाणी वाचतं म्हणून. विचार चांगला आहे, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात, गाळून काढलेले सगळे त्याच्यातच येतात की. पत्र्याला वापरा, पण क्रोमला वापरलं तर लगेच फडक्यानं कोरडं करा.

आणि तिसरं, ह्याच्यावर कुणी बोलत नाही, दसरा. खंडेनवमीला गाडी धुऊन पुसून हळदी-कुंकू, नारळ, झेंडूचा हार. सगळं बरोबर आहे, मी पण करतो. पण नारळ फोडला की ते पाणी बंपरवर सांडतं, हार तारेनं बंपरला बांधलेला असतो आणि तो कोळपून काळा पडेपर्यंत काढायचा नाही हा नियम. ओला हार, खाली लोखंडी तार, कुंकू भिजलेलं. मामांच्या पुढच्या बंपरवर जो सगळ्यात जाड गंजाचा पट्टा होता तो बरोबर हाराच्या तारेच्या जागी. देव काही रागावत नाही, दुसऱ्या दिवशी हार उतरवून झाडाच्या बुडाशी घाला आणि तार नको, सुती दोरा वापरा.

आता क्रोम म्हणजे काय हे थोडं सांगतो, नाहीतर फॉइल का चालतो ते कळणार नाही. बंपर लोखंडाचा. त्याच्यावर चांगलं काम असेल तर तांब्याचा थर, मग निकेलचा, आणि सगळ्यात वर क्रोमियमचा. वरचा क्रोमियमचा थर इतका पातळ असतो की अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि माणसाचा केस साधारण पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो, हिशेब तुम्हीच करा. क्रोमियम स्वतः गंजत नाही. तांबूस जे दिसतं ते खालचं लोखंड, जे बारीक भोकातून पाणी लागून गंजलंय आणि फुगून वर आलंय. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो क्रोमला खालून उचलतो, फोड येतात आणि मग टवके. म्हणजे गंज दोन प्रकारचा समजा, एक भोकातून ओघळून वर पसरलेला आणि दुसरा खाली पोखरत बसलेला. पहिला घरी निघतो. दुसरा कुणाच्या बापाला घरी निघत नाही, आणि जो व्हिडिओवाला निघतो म्हणतो तो एका बाजूचाच बंपर दाखवायलाय हे लक्षात ठेवा.

आता फॉइल. रोल गंजगोलाईतल्या भांड्याच्या दुकानातून आणला, शंभराच्या आसपास मिळतो, सगळ्यात पातळ स्वस्तातला घेतला तरी चालतो, उलट तोच बरा, चुरगळून मऊ होतो. चमकणारी बाजू वापरायची का मळकी ह्याच्यावर लोक वाद घालतात, काही फरक नाही. शेवटच्या लाटणीत दोन पत्रे एकावर एक ठेवून रोलरमधून काढतात, बाहेरची बाजू चमकते, आतली मळकी राहते, धातू एकच.

आधी गाडी धुवायची, हे टाळू नका. आमच्या काळ्या मातीची धूळ आणि त्यात बारीक वाळू, ती तशीच ठेवून घासायला लागलात तर ओरखडे वाळूचे पडतात आणि नाव फॉइलचं होतं. शाम्पू आणि पाणी, नळी नको, बादलीनं. मग सावलीत, सकाळच्या पारी. एप्रिल-मे मध्ये दुपारी बंपरला हात लागत नाही, पाणी टेकायच्या आत वाळतं आणि डाग पाडून जातं.

तळहाताएवढा तुकडा फाडायचा, हलक्या हातानं चुरगळायचा, पार घट्ट गोळा करायचा नाही, पाण्यात बुडवायचा आणि घासायचं. जोर लावायचा नाही. पहिल्यांदा हाताला खरखर लागते आणि आवाज पण येतो, सिमेंटच्या फरशीवर खडू ओढल्यासारखा. थोड्या वेळानं पाणी आधी तांबूस आणि मग काळपट राखाडी व्हायला लागतं, पातळ लापशी तयार होते. घाबरू नका, ते अ‍ॅल्युमिनियम आणि गंज मिळून झालेलं आहे, क्रोम निघत नाहीये. मग एका क्षणी खरखर बंद होते आणि बोट सटकल्यासारखं होतं, आवाजच जातो. तिथं थांबायचं. पुसायचं, बघायचं, पुढची जागा. तुकडा काळा पडला की नवा घ्यायचा, इथं कंजुषी केली की तोच गंज पुढच्या जागेवर फासत बसाल. पुढच्या बंपरवर नंबरप्लेटच्या बोल्टभोवती गंजाचं कडं होतं, रुपयाच्या नाण्याएवढं, ते निघालं आणि खाली टाचणीच्या टोकाएवढी दहाबारा काळी भोकं दिसली. तेच खरं मूळ. पसरलेला सगळा तांबूसपणा एवढ्याशा भोकातून आलेला होता.

हे का चालतं, तर साधं कारण. खनिजांच्या कडकपणाचा जो एक ते दहाचा हिशेब असतो त्याच्यात क्रोमियम साडेआठच्या आसपास आणि अ‍ॅल्युमिनियम तीनच्या पण खाली. मऊ धातू कडक धातूला ओरबाडू शकत नाही, पण वरचा भुसभुशीत गंज तो खरवडून काढतो. आणि वर त्या राखाडी लापशीनं थोडं पॉलिश पण होतं. पाणी कशाला, तर वंगण म्हणून आणि निघालेला गंज उचलून न्यायला. कोरडा घासू नका.

मामी मात्र खवळल्या. भाचे, रोल संपवलात तर पोरींचे डबे कशात बांधू, वर्तमानपत्रात का? मग दुसरा रोल आणून दिला तेव्हा कुठं चहा मिळाला. तर एक सूचना, रोल गाडीचा वेगळा ठेवा, घरात शांतता राहते.

आता कोला. हा लैच गाजलेला उपाय आहे आणि अर्धा खरा आहे. काळ्या कोल्यात फॉस्फोरिक अ‍ॅसिड असतं, बाटलीच्या लेबलवर बारीक अक्षरात ३३८ हा आकडा बघा, तो असेल तर ती बाटली कामाची. लिंबाच्या चवीच्या पांढऱ्या थंड्यात ३३० असतो, ते सायट्रिक अ‍ॅसिड, ते पण थोडंफार करतं पण कोल्याएवढं नाही. फॉस्फोरिक अ‍ॅसिड गंजावर काम करून त्याचं लोखंडाचं फॉस्फेट करतं, ते काळसर असतं आणि थोडा काळ टिकून राहतं. म्हणून भोकं खोल असतील तिथं पाण्याऐवजी कोल्यात फॉइल बुडवून घासलं तर फरक पडतो, हे मी दोन चाकाच्या वाट्यांवर शेजारी शेजारी करून बघितलं, खोल ठिपके कोल्यावाल्या वाटीवरचे जास्त निघाले. सपाट पसरलेल्या गंजाला मात्र पाणी आणि कोला सारखंच, पैसे वाया. आणि साखर! नीट धुतलं नाही तर चिकट होतं, धूळ बसते आणि आमच्याकडं तर मुंग्यांची रांग बंपरवरून थेट बॉनेटमध्ये. छोटी बाटली आणा, अर्धी गाडीला, अर्धी तुम्हाला.

व्हिनेगर, म्हणजे चायनीजवाले वापरतात ती पांढरी बाटली, ह्याच्यात चारेक टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड असतं. सुट्ट्या गंजलेल्या नटबोल्टला एक नंबर, वाटीत रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी ब्रश मारा, निघतं. पण ते साध्या लोखंडी नटबोल्टला. क्रोमच्या वस्तू रात्रभर बुडवून ठेवायच्या नाहीत, भोकातून अ‍ॅसिड आत जातं आणि खालचं निकेल-लोखंड खातं, सकाळी फोड वाढलेले असतात. क्रोमवर लावायचंच असेल तर फडक्यावर घ्या, लावा, पाचेक मिनिटात घासून धुवा, आणि मग पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून त्या पाण्यानं पुसून घ्या म्हणजे उरलेलं अ‍ॅसिड मरतं. आणि सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढायचा जो प्रकार आहे ना, दिसायला भारी, पण दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं खारट पाणी. फेस बघून पोरं खुश होतात तेवढंच.

लिंबू-मीठ. तांब्या-पितळेच्या भांड्याला आजीपासून चालत आलेलं, भांड्याला बरोबरच आहे. पण क्रोमवर मीठ म्हणजे वर जे पोटॅशचं सांगितलं तेच झालं, क्लोराइड स्वतःच्या हातानं चोळायलात. नुसतं लिंबू चालतं, हळू चालतं, फॉइलच्या पाण्यात अर्धं पिळलं तर थोडी मदत होते. मीठ गाडीच्या जवळ पण आणू नका. चिंच आमच्याकडं घरोघरी असते म्हणून ती पण लावली, तासभर चिंचेचा कोळ फासून ठेवला, देवघरातल्या समईला चमक येते तशी इथं येत नाही, गंज होता तसाच. चिंच आमटीत बरी.

टूथपेस्ट पण बघितली. गंज काढायला शून्य. पण गंज काढून झाल्यावर शेवटची चमक आणायला चांगली, त्यात बारीक खडूसारखी पावडर असते ती हलकं पॉलिश करते. पांढरी साधी पेस्ट घ्यायची, जेलवाली नको आणि मीठवाली तर अजिबात नको. हेडलाईटच्या रिंगेवर ओल्या फडक्यानं फिरवली तर रिंगेत मामांना स्वतःच्या मिशा दिसायला लागल्या, लैच खुश झाले.

आता जे करू नये ते. चुलीची राख, शेजारच्या काकांनी आग्रह केला, आमची भांडी पन्नास वर्षं राखेनंच निघाली म्हणे. निघत असतील काका, पण गोवऱ्यांच्या राखेत खडे आणि वाळू असते. आधीच टवके उडून वाया गेलेली एक वाटी होती तिच्यावर घासून बघितली, उन्हात धरली तर गोल गोल ओरखडे स्पष्ट, चमक मेलेली. हिरवी घासणी तीच गत, तिच्यात घासायचे कडक कण चिकटवलेले असतात. लोखंडी तारेची घासणी अजून बेकार, कारण तिचे बारीक तुकडे भोकात अडकतात आणि ते स्वतःच गंजतात, पंधरा दिवसात नवे तांबूस ठिपके. स्टील वूल, म्हणजे लोखंडाच्या केसाएवढ्या तारांचा लोकरीसारखा गोळा, वापरायचंच असेल तर चार शून्यवालं (०००० नंबरचं), सगळ्यात बारीक, तेलात भिजवून, आणि नंतर झटकून पुसून काढायचं. पण फॉइल असताना कशाला.

आणि बाथरूमचं अ‍ॅसिड, फरशी धुवायचं, टॉयलेट क्लीनर, हे चुकून सुद्धा नाही. त्याच्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं आणि ते क्रोमियमलाच विरघळवतं. गंज पण जातो, क्रोम पण जातं, राहतो पिवळट निकेलचा पट्टा. एका ट्रॅव्हल्सवाल्या पोरानं आरशाचे दांडे असे धुतलेले मी डोळ्यानं बघितलेत. वर ते आणि ब्लीचिंगचं पाणी एकत्र आलं तर क्लोरीनचा विषारी वायू होतो, बंद शेडात तर जिवावरचं काम. नको.

बाजारातली गंज काढायची तयार बाटली पण आणली होती तुलनेला, नाव नाही घेत. लेबलवर बघितलं तर मुख्य माल फॉस्फोरिक अ‍ॅसिडच, कोल्यातला मोठा भाऊ. काम करते, पटकन करते, पण किमतीत फॉइलचे चारपाच रोल आणि मामींसाठी एक जास्तीचा आला असता. हातमोजे घालावे लागतात, पत्र्याच्या रंगावर सांडली तर रंगाला धोका. ज्याच्या बंपरवर पार साल धरलेला गंज आहे त्यानं घ्यावी. बाकीच्यांनी नाही घेतली तरी काही अडत नाही.

गंज निघाला की लोक थांबतात, आणि मग महिन्याभरात परत ठिपके आले की फॉइलला शिव्या घालतात. अरे बाबांनो, भोकं उघडीच आहेत की! गंज काढला म्हणजे उलट भोकं साफ करून पाण्याला रस्ता करून दिला. काढल्याबरोबर त्याच तासात पाण्यानं धुवा, फडक्यानं पुसा, बोल्टच्या फटीत पाणी राहतं तिथं सायकलच्या पंपानं हवा मारा नाहीतर अर्धा तास उन्हात ठेवा, पूर्ण कोरडं पाहिजे. मग वरून काहीतरी सील. ड्रायव्हर लोक डिझेलचा फडका मारतात, चमकतं पण आमच्या धुळीत संध्याकाळपर्यंत बंपर मातीचा होतो आणि ती ओली माती परत ओल धरते. मामांनी घरचं करडईचं तेल सुचवलं, ते पातळ थरात हवेनं चिकट होत जातं, नंतर काढता काढता नाकी नऊ. जवसाचं तेल वाळून कडक पापुद्रा धरतं, ते आतल्या बाजूला, जिथं दिसत नाही आणि क्रोम नसतंच, तिथं लावायला खरंच चांगलं आहे, बंपरची आतली बाजू सगळ्यात आधी गंजते आणि कुणी बघत नाही. बाहेरून मात्र गाडीचं मेण, कार वॅक्स मिळतं ते. नसेल तर पांढरी पेट्रोलियम जेली, थंडीत ओठाला लावतो ती, बोटावर थोडी घेऊन भोकांवर दाबून चोळा आणि वरची पुसून टाका. दिसत नाही, पाणी थेंब होऊन घरंगळतं. पावसाळ्याच्या आधी एकदा, दसऱ्याला एकदा, आणि खत वाहिलं असेल तर त्यानंतर लगेच एकदा.

सायलेन्सरबद्दल विचारतील म्हणून सांगतो. बुलेटच्या पाइपवर इंजिनजवळ जो निळा-सोनेरी रंग येतो तो गंज नाही, उष्णतेनं येतो, तो फॉइलनं जात नाही, घासत बसू नका. मागच्या टोकाचे तांबूस ठिपके मात्र फॉइलनं निघतात. गाडी थंड असताना करा, आणि तिथं जेली लावू नका, गरम झाली की वितळून धूर आणि वास.

मामांचा पुढचा बंपर, रिंगा आणि चारपैकी तीन वाट्या घरच्या घरी निघाल्या, लांबून बघितलं तर नव्या वाटतात, जवळून काळे ठिपके दिसतात, ते दिसणारच. मागच्या बंपरचा डावा कोपरा मात्र गेलाय, तिथं नखानं टवका निघतो आणि खाली लोखंड सोललेलं. गॅरेजवाला म्हणला, दादा, ह्याला आता निकल मारून आणा, घासून काय होत नाही. बरोबर बोलला. हे काम संभाजीनगरला एमआयडीसीकडं करून मिळतं, गाडी न्यायची नाही, बंपर खोलून न्यायचा. दर विचारताना किती रुपये एवढंच विचारू नका, जुनं क्रोम पूर्ण उतरवणार का, खाली तांबं आणि निकेल किती चढवणार, ते विचारा. वरचं क्रोम सगळेच मारतात, चमक त्याच दिवशी सारखीच दिसते, पण खालचा निकेलचा थर पातळ असला की पहिल्याच पावसाळ्यात ठिपके. आणि दसऱ्याच्या आधीच्या महिन्यात देऊ नका, तेव्हा सगळ्यांचेच बंपर आलेले असतात आणि काम उरकून देतात. मामांचा आम्ही संक्रांतीनंतर टाकणार आहोत.